हातांवर उचललेली केबिन

ओपल आत्याचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला, त्याच हिवाळ्यात तिच्या पिकअपची चासीही मोडली. पाय साखरेनं खाल्ला, चासी गंजानं. मी इस्पितळात तिला भेटायला गेलो आणि घाबरत घाबरत चासीची बातमी सांगितली, तर ती उशीला टेकून हसायला लागली.

"दोघींचं खालचंच गेलं की रे, आर्लन! वरून आम्ही दोघी अजून ठणठणीत."

ती पिकअप १९५० ची. हिरवी शेवरोले, गोल मडगार्डांची, मागे लाकडी तळाचा हौदा. नेब्रास्कात आमच्या वाळूच्या टेकड्यांच्या मुलखात आत्यानं एकतीस वर्षं याच गाडीतून टपाल वाटलं होतं. रोज चौसष्ट मैल, घरांसमोर रस्त्यालगत उभ्या अठ्ठावन्न टपालपेट्या. स्टिअरिंग डावीकडे आणि पेट्या रस्त्याच्या उजवीकडे, म्हणून प्रत्येक पेटीपाशी ती लांब सीटवरून सरकत पलीकडच्या खिडकीशी जायची, टपाल टाकायची आणि सरकत परत यायची. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावरही दुसरी गाडी घेतली नाही.

आता प्रश्न होता क्लचचा. क्लचला डावा पाय लागतो, आणि तिचा तो पाय आता प्लास्टिकचा होता. मी म्हटलं, "आत्या, तुला एखादी छोटी ऑटोमॅटिक गाडी बघू या."

"बघ ना. ऑटोमॅटिकच बघ," ती म्हणाली. "पण वरचं माझंच बसवायचं तिच्यावर."

मी शाळेत मुलांना वेल्डिंग आणि मोटारदुरुस्ती शिकवतो. जुन्या गाडीची बॉडी नव्या चासीवर चढवतात हे मला ठाऊक होतं, मासिकांत फोटो पाहिले होते. स्वतः कधी केलं नव्हतं. म्हणून मी लेलंड स्कार्डाकडे गेलो. लेलंड अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, सगळी हयात पुलांच्या वेल्डिंगमध्ये गेलेली. तोंडाचा पट्टा अखंड चालू. त्याच्याशेजारी चर्चमध्ये बसणं लोक टाळायचे.

"ओपलची गाडी?" तो म्हणाला. "येतो. तिनं माझं एक पत्र एकदा पावसात भिजवलं होतं, त्याबद्दल अजून बोलायचंय मला तिच्याशी."

फेब्रुवारीत आम्हाला एक छोटी पिकअप मिळाली, सहा वर्षांपूर्वीची. गारांनी बॉडीचा चेंदामेंदा झालेला, पण इंजिन, गिअर आणि चासी उत्तम. वरचं सगळं आम्ही उतरवलं. उरली नुसती चासी, चार चाकांवर उभी. आत्या कुबड्यांवर आली, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "सांगाडा छान आहे. पण लांब आहे."

मी टेप लावली. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत नवी चासी जुनीपेक्षा जवळजवळ सात इंच लांब निघाली. तशीच बॉडी चढवली असती तर मागचं चाक मडगार्डच्या गोलाईत बसलंच नसतं. म्हणजे चासी मधून कापायची, सात इंच काढून टाकायची आणि पुन्हा जोडायची. शाळेत मी मुलांना सांगतो, चासी कापू नका. ती वाकडी जोडली गेली तर गाडी जन्मभर तिरकी चालते, आणि जोड सुटला तर विचारूच नका.

लेलंडनं चासी चार स्टँडवर ठेवली, पाणसळ लावून एकेक कोपरा सारखा केला, ओळंबे सोडून जमिनीवर खडूच्या खुणा केल्या. सरळ काप घेतला नाही. दोन्ही बाजूंना पायरीसारखा काप आखला, म्हणजे जोडाची सगळी रेघ एकाच जागी येणार नाही. हे सगळं करताना तो आत्याशी त्या भिजलेल्या पत्रावरून भांडत होता.

"बहिणीचं पत्र होतं, ओपल! शाई पसरून निळा डाग झाला नुसता."

"तुझ्या बहिणीचं अक्षर कोरडं असतानाही वाचता येत नव्हतं, लेलंड."

मग त्यानं डोक्यावरचा मुखवटा खाली ओढला आणि गप्प झाला. लेलंड गप्प झालेला मी आयुष्यात प्रथम पाहिला. डावीकडे दोन इंच वेल्डिंग, थांबायचं, निवू द्यायचं, मग उजवीकडे दोन इंच. सबंध दिवस तेच. संध्याकाळी त्यानं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी टेप लावायला सांगितली. एक कर्ण मोजला. दुसरा मोजला. दोन्ही आकडे तंतोतंत एक. मी पुन्हा मोजले. पुन्हा एक. तापलेलं लोखंड पसरतं, ओढतं, पिळतं, हे मी वीस वर्षं शिकवत आलो आणि हा माणूस त्या पसरण्याचा अंदाज हातात ठेवून काम करत होता. पुढे मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट तेवढाच लहान करून आणला, केबिन ज्यांवर टेकून बोल्टनं बसते त्या बैठका तयार केल्या. चारांतल्या तीन लेलंडनं केल्या, मागची उजवी मी केली.

एप्रिलच्या एका शनिवारी केबिन चढवायची ठरली. केबिन, बॉनेट आणि पुढचे मडगार्ड एकसंधच ठेवले होते. वजन आठशे पौंडांच्या आसपास. माझा बेत ट्रॅक्टरच्या पुढच्या हाताला साखळ्या बांधून उचलायचा होता. लेलंडनं केबिनीच्या उंबऱ्याखाली बोट घातलं आणि गंजाचा पापुद्रा माझ्या तळहातावर ठेवला.

"साखळीनं उचललीस तर कागदाच्या होडीसारखी मिटेल. हिला सगळीकडून सारखा आधार पाहिजे. हातच पाहिजेत."

"किती हात?"

"वीस माणसं असली तर बरं."

आत्या म्हणाली, "मी करते फोन."

तिनं किती फोन केले ठाऊक नाही. शनिवारी सकाळी नऊला अंगणात चौतीस माणसं होती. हॅम सँडविच, बटाट्याची कोशिंबीर आणि खसखशीचे गोड पाव घेऊन आली होती. बरेचसे तिच्या टपालाच्या रस्त्यावरचे. काहींची पोरं, आता स्वतःच पन्नाशीला आलेली. ब्याऐंशी वर्षांची रोझली क्लाइन काठी टेकत आली.

"रोझली, तू काय उचलणार?" लेलंडनं विचारलं.

"तुझ्यापेक्षा जास्तच. माझं तोंड तरी बंद असतं."

मग आत्या अंगणाच्या मधोमध खुर्ची टाकून बसली आणि माणसं लावायला लागली. मी बघतच राहिलो. तिनं कोणाला उंची विचारली नाही, वय विचारलं नाही.

"मर्विन, तू मागे हो. तुझं हर्नियाचं ऑपरेशन होऊन वर्षसुद्धा झालं नाही. टेड, तू डाव्या कोपऱ्यात. तुझा उजवा खांदा खाली आहे, समोर हॅरॉल्डला घे, त्याचा डावा खाली आहे. टेस, तू पोटुशी आहेस ना? मग हात लावू नकोस, मोज. लॉवेल, तुझ्या बापासारखा तू सुरुवातीलाच सगळा जोर लावतोस. तुला मी मागच्या बाजूला ठेवते."

पोटुशी टेस लाल झाली. तिनं नवऱ्याखेरीज कोणाला सांगितलं नव्हतं. "तुला कसं कळलं?"

"दारात उभी राहताना कमरेला हात लावायला लागलीस."

एकतीस वर्षं ही बाई गाडीच्या खिडकीतून या माणसांकडे रोज अर्धं मिनिट पाहत होती, आणि नंतर चर्चमध्ये, दुकानात पाहतच राहिली. त्या अर्ध्या अर्ध्या मिनिटांतून तिनं सगळ्या मुलखाचे खांदे, गुडघे आणि पाठी पाठ केल्या होत्या. वीस जण केबिनीभोवती लागले. उरलेले त्यांच्यामागे, बदलीला.

टेसनं तीन म्हटलं आणि केबिन उठली. कुरकुर नाही, हिसका नाही. पाण्यावरून चालल्यासारखी हिरवी केबिन अंगणातून निघाली, चाळीस पावलं, चासी उभी होती त्या शेडच्या दारातून आत. माणसांसकट दोन्ही बाजूंना चार-चार बोटांची जागा राहिली. चासीच्या वर आल्यावर लेलंड एकेका बैठकीशी वाकून बघत गेला. "खाली... थोडी खाली... पुढे बोटभर..." पुढचे दोन बोल्ट त्यानं नुसत्या बोटांनी आत ढकलले. मागचा डावा गेला.

मागचा उजवा अडला.

तो माझा होता. भोक एक सूत बाहेर पडलं होतं.

लेलंडनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तीन कोपरे टेकवून ठेवू, तोवर मी..."

"तीनवर टेकवली तर पिळवटेल. सपाटच धरायला पाहिजे. अर्धा फूट वर घ्या," तो लोकांना म्हणाला आणि मला गोल कानस दिली. "तू चुकलास, तूच घास."

मी चासीशेजारी आडवा झालो आणि केबिनीखाली हात घातले. आठशे पौंड माझ्या मनगटांच्या वर, माणसांच्या हातांत होते. मला दिसत होते फक्त पाय. गोलाकार उभे असलेले बूट, शेणानं माखलेले, चर्चला घालायचे, एक रोझलीची काठी. मी घासायला लागलो. लोखंड जाड होतं. मिनिटभरात वरून कोणाचा तरी श्वास जड झाल्याचं ऐकू आलं, आणि एक बूट थरथरायला लागला.

तेव्हा आत्यानं बोलायला सुरुवात केली. आवाज चढवून नाही, पेटीत टपाल टाकताना बोलावं तसं.

"पेटी एक, श्मिट. फाटकाला तार गुंडाळलेली, कुत्रा पिवळा, नाव ड्यूक. पेटी दोन, हॅरॉल्डचे आईवडील. आई खिडकीतून हात करायची, हातात कायम पीठ. तिथून डावं वळण. पेटी तीन, रिकामी घरं दोन, पण मी हॉर्न वाजवायचे, सवयीनं. पेटी चार, क्लाइन. रोझली, तुझी पेटी वाऱ्यानं किती वेळा पडली?"

"अकरा," रोझली म्हणाली.

"बारा. पेटी पाच, लॉवेलचा बाप. बियाणांच्या पाकिटांची वाट बघत रस्त्यावर उभा राहायचा."

ती एकही पेटी न चुकवता पुढे जात राहिली. कुठे पूल होता, कुठे चिखल, कोणाच्या दारात लिलाकचं झाड. निम्मी माणसं आता नव्हती. ज्याच्या घराचं नाव यायचं त्याचे पाय माझ्यासमोर जरा घट्ट रोवले जायचे. मागचे लोक बदली करायला पुढे आले, तर पुढचे सरकेनात. "अजून माझी पेटी यायचीय," टेड म्हणाला. शेवटी दोघं मिळून एकेक जागा धरायला लागले. वर हसणंही चालू होतं, आणि कोणी तरी नाक ओढत होतं. मला आत घामानं दिसेनासं झालं, पण हात थांबला नाही. मनात एवढंच होतं की असं काही आपल्या डोक्यावर पुन्हा कधी धरलं जाणार नाही.

ती तेविसाव्या पेटीवर होती तेव्हा मी ओरडलो, "झालं!"

"थांब," आत्या म्हणाली. "तेवीस, ब्रेटहॉवर. मर्विन, तुझी आजी. दर नाताळात मला लोकरीचे मोजे. हं, आता सोडा खाली."

केबिन उतरली. लेलंडनं चौथा बोल्ट घेतला, भोकाशी धरला आणि अंगठ्यानं दाबला. तो गेला. सगळ्यांचे हात अजून केबिनीवरच होते, वजन कधीच चासीवर गेलं होतं तरी. मी बाहेर आलो आणि चाकाला टेकून बसलो.

"ओपल," लेलंड म्हणाला, "ते पत्राचं राहू दे आता."

"राहू दे कसं? तुझी पेटी एकेचाळिसावी आहे, तिथवर मी आलेच नाही."

पुढे महिनाभर तारा, रेडिएटर, स्टिअरिंगचा जोड, गिअरपेटीसाठी तळाचा पत्रा कापणं, असं काम चाललं. तेव्हा गावात एक-दोघं म्हणाली, की ही आता जुनी गाडी राहिलीच नाही. आत्यानं पँट वर करून आपला प्लास्टिकचा पाय दाखवला आणि विचारलं, "मग मी कोण?" ती गाडी तिनं आणखी सात वर्षं चालवली.

त्या वर्षी मेच्या शेवटी ती पहिल्यांदा गाडीत बसली तेव्हा मी शेजारच्या सीटवर होतो. डावा पाय तिनं बाजूला ठेवून दिला, त्याला काही काम नव्हतं. उजव्यानं हलकेच दाबलं आणि गाडी निघाली. गावाबाहेर उत्तरेला मोठी टेकडी लागते. जुनं इंजिन तिथं कायम दुसऱ्या गिअरमध्ये रडत चढायचं. या वेळी आवाजही बदलला नाही. आत्याचे डोळे मोठे झाले. तिनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं, जणू गाडी नाही, टेकडीच खाली जातेय.

अगदी माथ्यावर तिनं गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. चारी बाजूंना नवं गवत, टेकडीमागे टेकडी, कुठे एक पवनचक्की, एक तळं, आणि वारा.

"आर्लन," ती हळूच म्हणाली, "एकतीस वर्षं मी इथून रोज गेले. पण कधी थांबलेच नाही रे. चढून तापल्यावर थांबवली तर ती पुन्हा निघायची नाही, आणि टपाल तर पोचवायचं असायचं."

तिनं खिडकीची काच खाली केली, कोपर बाहेर टेकवलं आणि नुसती बघत बसली.