आक्काच्या गोठ्यातली इंग्रजी

"हाडं माझी, कातडं तुमचं," असं लोहारानं पोरीला शाळेत घालताना गुरुजींना सांगितलं होतं. गुरुजींनी हाडंही सोडली नाहीत.

पोरगी इंग्रजीत बीच्या जागी डी काढायची. त्या दिवशी फळ्यावर पुन्हा तेच झालं, आणि गुरुजींनी लाकडी पट्टी कडेनं हाणली. करंगळी कडकन मोडली. रडत घरी आली, तर बापानं वर मुस्कटात ठेवून दिली. "डोक्यात शेण भरलंय हिच्या!"

लोहाराची थोरली बहीण, आक्का, नवरा गेल्यापासून भावाच्या शेजारीच राहायची. म्हशी राखायची. आमच्या घराची नि तिच्या गोठ्याची भिंत एकच. तिनं पोरीचं बोट कामटीला बांधलं, तिला गोठ्यात नेलं आणि जमिनीवर राख पसरली.

"दुसऱ्या हातानं काढ. ही काठी म्हणजे उभा माणूस. पोट पुढं सुटलं की बी. बूड मागं आलं की डी."

"मग गुरुजी बी?" पोरगी नाक ओढत म्हणाली.

"ते बी, नि तुझी आत्या डी. म्हण आता."

पोरगी खुदकन हसली. हळूहळू आळीतली पोरंही राखेभोवती बसायला लागली.

हे गुरुजींच्या कानावर गेलं. त्यांनी भर बाजारात लोहाराला टोचलं, "बहिणीनं शाळा काढली म्हणे! मग पोरीला माझ्याकडं कशाला धाडतोस?"

लोहार तापलेल्या लोखंडासारखा लाल होऊन आला. राख लाथेनं उधळली, पोरीला वेणीला धरून फरफटत निघाला. आक्का आडवी आली. त्यानं तिला अशी ढकलली, की ती गव्हाणीवर तोंडघशी आपटली. ओठ फाटला.

आक्का उठली. तिनं म्हशीचा खुंटा उपटला आणि भावाच्या नडगीवर घातला. तो वाकला, तसा दुसरा डोक्यात. म्हशी दावी तोडायला लागल्या, पोरं कोपऱ्यात दाटली. आम्ही धावत पोचलो तेव्हा रक्त त्याच्या दाढीतून ठिबकत होतं.

"आक्का, मेलो गं!"

"मरत नाहीस. आपल्या बापानं लहानपणी तुला असंच बडवलं. शहाणा झालास का? बोल!"

खुंटा वरच होता. लोहार आमच्याकडं बघेना.

"नाही झालो," तो म्हणाला, आणि एवढा दांडगा गडी हमसून रडायला लागला.

आक्कानं खुंटा टाकला. पदर फाडून त्याचं डोकं आवळलं. मग उधळलेली राख सारखी केली.

पोरगी राखेपाशी बसली. डाव्या हातानं तिनं तीन अक्षरं काढली.

"काय लिहिलंस?" बापानं विचारलं.

"बी, ए, डी. बॅड," ती भिंतीला टेकत म्हणाली. "म्हणजे वाईट."

लोहार त्या अक्षरांकडं बघत राहिला. मग त्यानं पोरीचं मोडलेलं बोट हळूच हातात घेतलं.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बायकांनीच पोरं आणून सोडली. बाप्ये मात्र त्या बोळातून खाली मान घालून जायचे. आक्का पोरांवर हात उगारत नाही, पण बापांची गय करत नाही, हे गावभर झालं होतं.