ओली गोवरी

"उतार डोक्याकडे नको, तोंड वाऱ्याकडे नको," म्हातारा ओस्मोन म्हणाला, "आणि ओढ्याच्या पात्रात तर मेलीस तरी झोपू नकोस."

"मेल्यावर झोप कशाला येईल?" खोगिराखालचा लोकरीचा नमदा गवतावर पसरत नऊ वर्षांची उम्सुनाय म्हणाली.

"जास्त शहाणपणा नको. पात्रात का झोपायचं नाही, ते सांग."

"वर पाऊस झाला की खाली लोंढा येतो. काल सांगितलंत, परवा सांगितलंत. बाबा, हल्ली तुम्ही एकच गोष्ट शंभरदा सांगता."

खरंच होतं ते. ओस्मोनला घाई झाली होती. चाळीस वर्षं या कुरणांवर मेंढ्या राखून जे काही कळलं, ते सगळं त्याला तीन दिवसांत या पोरीच्या डोक्यात भरायचं होतं. वादळाआधी घोडे कसे बिथरतात, घोड्याला पायबंद कसा घालायचा, वाट चुकली तर सैरावैरा न धावता कुठे थांबायचं. चौथ्या दिवशी मिर्लान येणार होता.

मिर्लान हा ओस्मोनचा मुलगा आणि उम्सुनाय ही मिर्लानची मुलगी. पण पहिलं नातवंड आजी-आजोबांचं, ही त्यांच्याकडची रीत. चाळीस दिवसांची असताना ती आजीच्या मांडीवर आली, ती तिथलीच झाली. ओस्मोनला ती बाबा म्हणे आणि जन्मदात्याला दादा. दादा मॉस्कोत इमारती रंगवायचा, वर्षातून एकदा बाहुली घेऊन यायचा. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मग या फेब्रुवारीत आजी गेली. मे महिन्यात दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ओस्मोनच्या छातीचा फोटो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "घरी आणखी कोण असतं?" त्याच संध्याकाळी ओस्मोनने स्वतः मिर्लानला फोन केला, पोरीला घेऊन जा म्हणून. हे उम्सुनायला ठाऊक नव्हतं. तिला सांगायची त्याची छातीच झाली नाही.

गाडी दुपारी आली. मिर्लानने पोरीला उचलून घेतलं आणि पाच मिनिटांत तो सगळं सांगून मोकळा झाला. शाळा ठरली होती, विमान उद्याचं होतं, दिवस मावळायच्या आत निघायचं होतं.

"आणि आता मला दादा नाही, बाबा म्हणायचं."

"मग यांना काय म्हणू?" तिने विचारलं.

बापलेक तंबूत चहा प्यायला बसले. बाहेर आले तेव्हा पोर नव्हती आणि तिचा तांबडा घोडाही नव्हता.

मिर्लान घसा बसेपर्यंत हाका मारत फिरला. "काय काय शिकवून ठेवलंत तिला, बाबा? एवढा मोठा डोंगर! कुठे म्हणून शोधायचं?"

"तू गाडीपाशी थांब. मी आणतो."

ओस्मोनला शोधावं लागणार नव्हतं. पाणी हाताशी, वारा पाठीशी आणि ओढ्याचं पात्र दूर, अशा डोंगराच्या त्या अंगाला तीनच जागा होत्या, आणि तिन्ही त्यानेच तिला दाखवल्या होत्या. चढावर खोकल्याने त्याला दोनदा घोड्यावरून खाली उतरायला लावलं. दुसऱ्या जागी ती होती. घोडा खडकाआड पायबंद घालून उभा. झुडपाखाली नमदा, उशाला खोगीर, तीन दगडांची चूल, चुलीत रानगोवऱ्यांचा लालभडक निखारा आणि धुराची रेघसुद्धा नाही. ओस्मोनला तिचा अभिमान वाटला आणि लगेच रडूही आलं. मागे फिरावं, सापडली नाही म्हणून सांगावं, विमान चुकू द्यावं, असं त्याच्या मनात आलं. पण मग हिवाळ्यात, बर्फाने वाट बंद झाल्यावर, या पोरीने त्याच्या उशाशी एकटीने बसायचं? तो विचार त्याला करवेना.

तिने त्याला पाहिलं. पळाली नाही.

"बाबा, माझं काय चुकलं?"

"कुठे?"

"मी तुम्हाला सापडले, म्हणजे काहीतरी चुकलंच ना."

तिचं काहीच चुकलं नव्हतं. पण तसं म्हटलं असतं तर पुढचंही सगळं सांगावं लागलं असतं.

"धूर दिसला," तो म्हणाला. "एखादी गोवरी ओली राहिली असणार."

उम्सुनायने पिशवी ओढली. पाच-सहा गोवऱ्या उरल्या होत्या. तिने एकेक मोडली, आत बोट घालून चाचपली. सगळ्यांचा कोरडा भुगा झाला. मग तिने काडीने निखारा उकरून पाहिला. मान वर केली तेव्हा ओस्मोन तिच्याकडे पाठ करून घोड्याचा पायबंद सोडत होता. गाठ साधीच होती, पण त्याला ती सुटेना.

ती उठली, फ्रॉकला हात पुसले, त्याच्या हातातली दोरी घेतली आणि गाठ सोडली.

"असेल, बाबा," ती म्हणाली. "ओलीच असेल एखादी."