आम्ही कापलेला बांध

तो बांध कशासाठी घातला होता, यावरून माझं आणि ताईचं आठवडाभर वाजत होतं. ताई माझी मोठी बहीण आणि या बेटावरच्या आमच्या उत्खननाची प्रमुख, त्यामुळे घरातही तिचंच खरं आणि बेटावरही तिचंच. तिच्या मते, हजारो वर्षांपूर्वी वस्तीभोवती हा मातीचा गोल बांध घातला तो शत्रूला अडवायला. मला पटत नव्हतं, पण मला विचारतो कोण! बांध आतून कसा रचलाय हे बघायचं तर तो आडवा कापावा लागतो, ही आमच्या कामाची रीत. आम्ही कापला, पार तळापर्यंत.

त्या दुपारी समुद्राला उधाण होतं. दोघींनाही माहीत होतं. पण बांधाच्या आत पाणी आलेलं कधी कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून आम्ही निर्धास्त. का आलं नव्हतं, एवढा साधा प्रश्न दोन शिकलेल्या बायकांना पडू नये? ताई खड्ड्यात उतरून त्या जुन्या वस्तीतल्या एका झोपडीची जमीन खरवडत बसली होती.

कापलेल्या जागेतून आधी एक ओहोळ आला. मी हाक मारेपर्यंत समुद्रच आत आला. खड्ड्याची एक बाजू ढासळली आणि ताई मांड्यांपर्यंत गाळात गाडली गेली.

"हात दे!" ती ओरडली. मी दिला, जीव खाऊन ओढलं. ती तसूभरही हलेना. पाणी तिच्या कमरेला लागलं, मग छातीला.

मी तिचा हात सोडला.

"कुठे चाललीस? अगं, सोडू नकोस मला!"

उत्तर द्यायला थांबले असते तर पाय उचललाच नसता. मी बांधाकडे धावले आणि उकरून ठेवलेली माती फावड्यानं कापलेल्या जागेच्या तोंडात लोटू लागले. मातीच्या गोण्या, पेट्या, हाताला लागेल ते टाकलं. मागून ताई मला नावानं हाका मारत होती, मग आईला. मग आवाज बंद झाला.

मी वळले नाही. वळले असते तर हात थांबले असते. देवा, मी माती टाकतच राहिले.

पाणी अडलं तेव्हा मागं बघायचं धाडस होईना. बघितलं. ताईनं मान वर ताणून ओठ घट्ट मिटले होते, आणि पाणी त्या ओठांना लागलेलं होतं.

डबा घेऊन मी पाणी उपसलं, हातांनी गाळ उकरला. वर आल्यावर ताईनं आधी माझ्या थोबाडीत मारली. मग दोन्ही हातांनी मला धरलं, आणि होडी येईपर्यंत काही केल्या सोडलं नाही.