लामियाचा चेहरा

संग्रहालयाच्या पुतळेखान्यात सगळे तिला आक्का म्हणत. धाकट्या भावाने पुतळा घडवायचा आणि आक्काने त्यात जीव आणायचा, म्हणजे काचेचे डोळे बसवायचे, भुवयांचा एकेक केस सुईने रोवायचा, अशी त्यांची वाटणी पंधरा वर्षं चालली होती. आई गेली तेव्हा धाकटा आठ वर्षांचा होता. त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं ते आक्कानेच.

त्या वर्षी मोठं काम आलं. जगभरच्या पाताळांतले देव आणि सैतान, एकूण एकवीस पुतळे. आक्का कामाआधी सगळं वाचून काढायची, आणि वाचता वाचता तिचं या मंडळींबद्दलचं मतच पालटलं.

"अरे, यातले निम्मे तर बिचारे नोकरी करताहेत," ती म्हणाली. "यम नियमाबाहेर पाऊल टाकत नाही. इजिप्तचा अनुबिस मुकाट्याने मेलेल्यांचं काळीज तोलतो. ह्यांच्यापेक्षा वरचे देवच जास्त लबाड."

शिंगवाल्या सैतानाचे डोळे तिने इतके मायाळू केले की पहारेकरी त्याला मामा म्हणायला लागला.

मेलेल्यांची राणी एरेश्किगल तिला फार आवडली. सगळ्या पाताळाची मालकीण, आणि स्वतःच वेदनेने विव्हळत पडलेली. "हिला तुझा चेहरा देतो," धाकटा म्हणाला. आक्का लाजली, नको नको म्हणाली आणि मग चेहऱ्याचा साचा काढायला डोळे मिटून प्लास्टरखाली बसली. चेहरा वापरायला हरकत नाही, अशा अर्थाच्या कागदावर तिने न वाचताच सही केली. भावाने पुढे केलेला कागद कोण वाचतं?

शेवटच्या दोन पुतळ्यांना त्याने तिला हात लावू दिला नाही. "डोळे दुखतात ना तुझे? आठ दिवस घरी बस. मी बघतो." तिला बरं वाटलं. पोराला आपली काळजी आहे.

उद्घाटनाला ती ठेवणीतले कपडे घालून गेली. राणीच्या पुतळ्याला कुणा परक्या बाईचा चेहरा होता. तिचा स्वतःचा तिला कोपऱ्यात सापडला. पाळण्यावर वाकलेली एक बाई, तोंड किंचित उघडं. खाली पाटी होती: लामिया, तान्ही मुलं पळवून खाणारी राक्षसी.

आक्काने लामियाबद्दलही वाचलं होतं. आधी तिची स्वतःची मुलं मारली गेली, मग ती तशी झाली. पाटीवर ते नव्हतं.

तेविसाव्या वर्षी आक्काची तीन महिन्यांची मुलगी तिच्या कुशीत झोपली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, कुणाचाच दोष नाही. सासू म्हणाली, पोर खाल्लीस. त्या शब्दावर तिचा संसार मोडला. तो शब्द तिने जगात एकाच माणसाला सांगितला होता.

बाबागाडी घेतलेली एक तरुण बाई पाटी वाचत होती. तिने वर पाहिलं, मग शेजारी उभ्या आक्काकडे पाहिलं, आणि गाडी पलीकडे वळवली.

आक्का तडक व्यवस्थापकांकडे गेली. त्यांनी कागद काढला. "सही तुमचीच ना? तुम्हाला सगळं ठाऊक आहे, असं तुमचे बंधू म्हणाले."

धाकटा जिन्यात भेटला.

"अगं, माझ्या हातून झालेलं हे सगळ्यात चांगलं काम आहे," तो म्हणाला. "तू ते सांगताना तुझा चेहरा जसा झाला होता, तो डोक्यातून जाईना."

"विचारायचं होतंस."

"नाही म्हणाली असतीस."

"आणि हे तुला माहीत होतं."

"कुणाला कळणार आहे, आक्का?"

"मला कळलं ना."

चेहरा बदल, असं तिने एकदाच सांगितलं. तो हो म्हणाला. पण बघ्यांची सगळ्यात जास्त गर्दी त्याच कोपऱ्यात होऊ लागली, आणि महिना उलटला तरी चेहरा तसाच राहिला. आक्काने सुया आणि कुंचले गुंडाळले आणि डोळ्यांच्या दवाखान्यात काम धरलं. तिथे एक डोळा गेलेल्या माणसांसाठी दुसऱ्याशी जुळणारा डोळा ती रंगवून देते. माणसं आरशात बघतात आणि तिचे हात धरतात.

धाकटा तिच्या घरी आला तो चार महिन्यांनी. वाटेत त्याने बरंच काही जुळवून ठेवलं होतं: माफी, कारणं, थोडं रडणंही. ती दार लावून घेईल, नाहीतर एक ठेवून देईल, असं त्याला वाटलं होतं. तिने दार पुरतं उघडलं, खुर्ची पुढे केली, पाण्याचा पेला आणून ठेवला.

"या," ती म्हणाली. "बसा. काय काम काढलंत?"

जन्मात तिने त्याला अहोजाहो केलं नव्हतं. तो पेला हातात धरून तसाच बसला.