चौघांसाठीचा खेळ

न्हाणीघराच्या छतातून पाणी गळायला लागलं, तेव्हा नकाशेकाकांनी खाली बादली ठेवली. भरली की ओतायची आणि पुन्हा ठेवायची. एक जिना चढून वर सांगून येणं काही अवघड नव्हतं. पण कशाला उगाच कुणाला त्रास, असं म्हणत ते आजचं उद्यावर ढकलत राहिले.

इमारतीत त्यांना सगळे नकाशेकाका म्हणत. पाणीपुरवठा खात्यात त्यांनी जन्मभर नळांचे नकाशे काढले होते. बायको आदल्या वर्षी गेली. मुलगी दूरच्या शहरात असायची. तिचा फोन आला की ‘सगळं उत्तम’ असं सांगून काकाच घाईने ठेवून द्यायचे. तिला कामं असतील, तिला कशाला अडकवायचं?

दिवस काही केल्या सरेना, म्हणून त्यांनी एक खेळ बनवायला घेतला. जाड पुठ्ठ्याचा पट, त्यावर एक गाव आणि गावाच्या डोक्यावर तलाव. फासे टाकायचे, पुठ्ठ्याचे नळ एकाला एक जोडत न्यायचे आणि तलावाचं पाणी आपल्या घरी आणायचं. ज्याच्या घरी आधी पाणी पोचेल तो जिंकला. सोंगट्या म्हणून बायकोच्या शिवणाच्या डब्यातली रंगीत बटणं घेतली. पहिला पट खळ वाळताना होडीसारखा वाकला. दुसऱ्यावरचे रस्ते इतके अरुंद झाले की बटणं मावेनात. तिसरा जमला. मग त्यांनी खोका केला. झाकण इतकं चपखल बसवलं की ते लावताना आतली हवा सुस्कारा टाकून बाहेर पडे. वर सुबक अक्षरात लिहिलं, ‘खेळाडू : चार’.

पण खेळून पाहायला चौघं आणायची कुठून? काका एका खुर्चीत बसून फासे टाकत, मग उठून दुसऱ्या खुर्चीत जात. लाल बटणाच्या वेळी लालचा विचार, निळ्याच्या वेळी निळ्याचा. कधी पिवळ्याला म्हणत, “चल, तुझी पाळी,” आणि रिकाम्या खोलीत स्वतःचाच आवाज ऐकून गप्प होत. खेळ मात्र कधी अडत नसे. चारही खेळाडूंना एकमेकांच्या मनातलं आधीच ठाऊक असे.

एका दुपारी बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरच्या बाई होत्या. बालवाडीत शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहणाऱ्या. नळ दुरुस्तीला आलेल्या माणसाने त्यांना गळतीचं सांगितलं होतं, म्हणून दिलगिरी व्यक्त करायला आल्या होत्या. त्यांनी बादली पाहिली. मग मांडलेला पट आणि चार खुर्च्या पाहिल्या आणि पाहुणे यायचेत का, असं विचारलं.

“हो, येतीलच इतक्यात,” काका म्हणाले आणि खिडकीकडे पाहायला लागले.

बाई लाल बटणासमोर बसल्या. पाहुणे येईपर्यंत मी खेळते, म्हणाल्या. काकांनी नियम समजावले. पण थोड्याच वेळात बाईंनी आपला नळ भलतीकडे, पिवळ्याच्या घराकडे वळवला. ते तुमचं घर नाही, असं काकांनी सांगितलं.

“माहीत आहे. पण त्याच्याकडे पाणी गेलं, तर तिथून पुढे मलाही नेता येईल. नियमात मनाई आहे का?”

मनाई नव्हती. इतक्या वेळा खेळूनही काकांना हे कधी सुचलं नव्हतं. बघता बघता नळ एकमेकांत अडकले, डाव पार फिसकटला आणि काकांना हसू फुटलं. हसताना ठसकाच लागला. हसायची सवय राहिली नव्हती.

बाईंनी त्यांना पाणी आणून दिलं.

“पाहुणे यायचे नव्हतेच ना?”

काकांनी होकारार्थी मान हलवली.

“आणि गळतीचं का नाही सांगितलंत?”

“म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास.”

बाईंनी हातातलं बटण पटावर ठेवलं. मग म्हणाल्या, “तुमच्या घरच्या गेल्या, तेव्हा मी जेवणाचा डबा घेऊन तुमच्या दाराशी आले होते. आत सामसूम. म्हटलं, दुःखात आहेत, कशाला त्रास द्यायचा. तशीच परत गेले आणि एकटीच जेवले.”

त्या संध्याकाळी काका दाराच्या आतच बसले होते. कुणाची तरी पावलं येऊन थांबलेली आणि परत गेलेली त्यांनी ऐकली होती. मात्र ते उठले नव्हते. केवढं पातळ दार होतं मध्ये!

“आपण याला सभ्यपणा म्हणतो,” बाई म्हणाल्या. “खरं तर ही भीती आहे, समोरचा नाही म्हणेल याची. बालवाडीतलं मूल सरळ विचारतं, मला खेळायला घेता का? एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्याकडे जातं. आपण मोठे झालो आणि विचारायचंच सोडून दिलं.”

काका उठले. समोरच्या घरात चष्म्याच्या दुकानात काम करणारा एक गृहस्थ राहत होता. इतक्या वर्षांत दोघांची ओळख मान हलवण्यापुढे गेली नव्हती. काकांनी दार वाजवलं. त्याने उघडलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“काय झालं? कोण गेलं?”

“कुणी नाही,” काका चाचरत म्हणाले. “आमच्याकडे खेळायला येता का?”

तो हळूच म्हणाला, “आईला आणलं तर चालेल? दिवसभर तिच्याशी बोलायला कुणी नसतं.”

त्या दिवसापासून खेळ बदलत गेला. दुसऱ्याच्या नळातून पाणी न्यायचं असेल तर त्याला आधी विचारायचं, असा नियम बाईंनी घालायला लावला. चष्मेवाल्याच्या आईचे हात थरथरत, तिला ते चपखल झाकण निघेना. काकांनी खोक्याच्या दोन्ही बाजूंना अंगठ्यापुरत्या खाचा कापल्या. एवढ्या सुबक कामावर कात्री चालवताना त्यांना वाईट वाटलं नाही.

दुःख संपलं असं नाही. सगळे गेले की घर पुन्हा खायला उठे. कधी बाईंना बरं नसे, कधी चष्मेवाल्याला दुकानातून यायला उशीर होई. अशा वेळी काका चपला घालत आणि स्वतःच कुणाकडे तरी जात.

वाचकहो, आपल्यातल्या कितीतरी माणसांना एकटेपणा मारतो आणि भिडेपोटी कुणी बोलत नाही. त्रास होत असेल तर समोरचा सांगेल, त्याला तोंड आहे. त्याच्या वतीने आपणच ‘नाही’ म्हणून मोकळं होण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही. सोबत मागण्यात कमीपणा नसतो. कदाचित ज्याच्याकडे आपण ती मागायला जाऊ, तोही आत बसून कुणाची तरी वाट पाहत असेल.