केडगावची मागची वाट

गिदोन साळवे नगरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा मदतनीस होते. केडगावातून कॉलेजात जायचा रस्ता आपल्याला डोळे मिटून पाठ आहे, असं ते सांगत. लेकीला, जेनिफरला, दवाखान्यात नर्सची नोकरी लागली, पाळ्या वेळी-अवेळी, तेव्हा घरातली स्कूटर तिच्याकडे गेली आणि गिदोननी जुन्या बाजारातून एक सायकल आणली. रंग उडालेली, मडगार्ड खडखडणारं. किंमत सांगताना विकणाराच जरा ओशाळला होता.

बायकोला, फिलोमिनाबाईंना, ते पटलं नाही. या वयात सायकल, लोक काय म्हणतील, असं बरंच बोलून झालं. लोकांचं गिदोनना काही वाटलं नाही, ट्रकांचं मात्र वाटलं. एका ट्रकच्या नुसत्या वाऱ्याने ते कडेच्या मुरमात गेले. त्या संध्याकाळी परतताना त्यांनी पुणे रस्ता सोडला आणि वस्त्यांच्या मागून, ज्वारीच्या रानातून जाणारी गाडीवाट धरली. सगळं आयुष्य केडगावात गेलं, पण या वाटेला ते कधी वळले नव्हते.

थंडीचे दिवस. ज्वारी हुरड्यात आलेली. उन्हं कलत होती, आणि एकाएकी वरून पाणी कोसळावं तसा आवाज आला. आभाळ तर निरभ्र. गिदोननी पाय टेकला आणि वर पाहिलं.

पाखरं होती. किती, ते सांगायची सोय नव्हती. धुरासारखा लोट पूर्वेकडून आला, वळला, आणि वळताना सगळाच्या सगळा फिका गुलाबी झाला. परत वळला तो काळा. पसरला, दाटला, पिळलेल्या लुगड्यासारखा लांब झाला, पण एक पाखरू दुसऱ्यावर आदळेल तर शपथ.

बांधावर मफलर गुंडाळलेला एक शेतकरी बसला होता. रामहरी त्याचं नाव. या भोरड्या, त्याने सांगितलं, लई लांबून, परदेशातून येतात म्हणे, आणि दिवसभर कणसं फस्त करतात. त्यांना हाकलून त्याचा घसा बसला होता. गोफण मात्र मांडीवर तशीच. गिदोन तिच्याकडे बघतायत हे पाहून तो म्हणाला,

"दिवसभर शिव्या देतो त्यांला. पन ह्या टायमाला हात उठत न्हाई."

घरी गिदोन भाकरी थापणाऱ्या बायकोपुढे हात हलवून हलवून सांगत राहिले. तिने विचारलं, पाखरं काय कधी बघितली नाहीत का? शेवटी रविवारी, कटकट नको म्हणून, ती कॅरियरवर बसली. गल्लीतल्या बायका बघत राहिल्या. फिलोमिनाबाईंनी मान दुसरीकडे वळवली ती थेट रान येईपर्यंत तशीच ठेवली.

बराच वेळ काहीच आलं नाही. सूर्य टेकत आला. कधीकधी ओढ्याच्या पलीकडं जातात, रामहरी म्हणाला. बाई निघायचं म्हणत उठल्या, आणि तेवढ्यात तो आवाज आला.

थवा इतका खालून गेला की पदर हलला. वरून एक ससाणा सुटला. थवा मधोमध फाटला, त्याला वाट दिली, आणि पुन्हा सांधला गेला. ससाणा रिकामाच. मग सगळी पाखरं ओढ्याकाठच्या बाभळींवर ओतली गेली. झाडं काळी झाली. कलकलाट असा की बोललेलं ऐकू येईना, आणि हळूहळू तोही विझला.

फिलोमिनाबाई रामहरीकडे वळल्या. लांबवर पुणे रस्त्यावर गाड्यांचे दिवे लागले होते.

"अहो, हे रोज होतं?"

"हिवाळाभर," रामहरी म्हणाला.

"आणि आपण इतकी वर्षं तिथून जातो," पुणे रस्त्याकडे बोट करून त्या म्हणाल्या. चर्चमध्ये प्रार्थनेला उभ्या राहतात तशी त्यांची मान खाली गेली. ते पाहून रामहरीनेही, काय चाललंय ते नीट न कळता, डोक्याचा मफलर काढून हातात घेतला.

त्या हिवाळ्यात बाई पुष्कळदा कॅरियरवर बसल्या. ज्वारी निघाली, ऊन तापायला लागलं. एका संध्याकाळी दोघं पोचली तर रामहरी मोकळ्या रानात एकटाच उभा होता, कमरेवर हात ठेवून वर बघत.

"गेल्या," तो म्हणाला.

राखायला आता तिथं काही नव्हतं. तरीही तो हलला नाही, आणि ही दोघंही त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली.