एडवणची मावशी

आपल्या आजीला आणि आईला ज्यानं नेलं त्याचं नाव कळलं, त्या दिवशी मलका वाकरूळकर रडली नाही. उलट तिला काहीतरी हाती लागल्यासारखं वाटलं. तारापूरच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती काम करायची. कारण सापडलं की अर्धं काम झालं, असं तिथल्या पोरींना तीच सांगत असे. आता कारण तिच्या स्वतःच्या रक्तात सापडलं होतं. आईकडून आलेल्या एका जनुकात बिघाड होता, आणि त्यामुळे स्तनाचा नि बीजकोशाचा कर्करोग होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा कितीतरी जास्त होता.

"काही ज्यू घराण्यांत असे बदल पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात," मुंबईची डॉक्टर म्हणाली. "तुम्ही बेने इस्राएली, म्हणून तर मी तपासणीचा आग्रह धरला. आता आईकडच्या बाकीच्या बायकांना सांगा."

मलकाला दोन मुलं होती. बीजकोश काढून टाकायचे, हे तिनं तिथल्या तिथं ठरवलं. पण सांगायचं कोणाला? आईकडचं म्हणून एक बेनीमामाच उरला होता, आणि त्याच्या रक्तात काही निघालं नव्हतं.

तरी ती पालघरला मामाकडे गेली. मामा रेल्वेतून निवृत्त झालेला, शनिवारी चूल न पेटवणारा, धर्माचा कडक माणूस. डॉक्टरचा निरोप ऐकून त्यानं हातातला चहा खाली ठेवला.

"एक आहे," तो म्हणाला. "म्हणजे होती. रूथमावशी. तुझ्या आजीची धाकटी बहीण."

"मला कधी कोणी बोललं नाही!"

"बोलायचं नाही असंच ठरलं होतं. एडवणच्या एका मच्छीमाराबरोबर निघून गेली ती. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ती जिवंत असताना जमिनीवर बसून तिचं सुतक पाळलं."

"आणि तिची मुलंबाळं?"

"देव जाणे."

मलका उठलीच. "मामा, चपला घाला."

स्कूटरवर मामाला मागे बसवून ती थेट एडवणला पोचली. किनाऱ्यालगत बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. तिनं एका बाईला रूथ नावाची कोणी होती का विचारलं. "आमच्यात रुतीबाय होती," बाई म्हणाली. "कवाच गेली. तिची पोर हिरा, ती काय समोर."

मामा स्कूटरवरून उतरला आणि तिथंच थबकला. मांडवाशी उभी असलेली साठीची बाई वळून त्यांच्याकडे बघत होती. मलकाची आई म्हातारी होईपर्यंत जगली असती, तर तिचा चेहरा हुबेहूब असाच झाला असता.

"कोन पायजे?" हिरानं विचारलं.

मलका म्हणाली, "मी रूथच्या बहिणीची नात. म्हणजे तुम्ही माझ्या मावशी लागता!"

हिराच्या हातातली टोपली वाळूत पडली. तिचा आवाज चढला. "आता काय राह्यलंय? तुमचा शाप लागला ना आमाला! आय पोटात पानी होऊन गेली. थोरली बहीन ठकी छातीच्या गाठीनं गेली. गाव बोलतो, या घरात बाया टिकत नाय. माज्या प्रियंकाचं लगीन मोडलं त्यापायी."

मलका काही बोलणार इतक्यात मामा पुढे झाला. "हिरा, माझी आई तशीच गेली गं. हिची आईसुद्धा. ज्यांनी शाप दिला त्यांच्याच घरात तेच झालं. मग शाप कसला?"

हिरा मटकन खाली बसली. "मंजी... तुमाला बी?"

"आपल्या सगळ्यांना, मावशी," मलका तिच्याजवळ वाळूत बसली. "हे रक्तातून येतं. आईकडून लेकीत येतं किंवा येत नाही, छापा-काटा. पण आता तपासता येतं, आणि वेळेवर कळलं तर पुष्कळ काही करता येतं."

आवाज ऐकून प्रियंका घरातून धावत आली होती. तिनं सगळं ऐकलं. "ताई, मी येते. उद्याच चला." हिरा मात्र हटून बसली. "मला काय धाड भरलीय? हत्तीसारकी हाय मी." शेवटी लेकीनं दंड धरून तिला गाडीत बसवलं.

निकाल आले तेव्हा मलका प्रयोगशाळेत होती. फोन कानाला लावते न लावते तोच प्रियंका ओरडली, "ताई, नाय! माज्यात नाय!" मलकानं इतक्या जोरात टाळी वाजवली की शेजारची पोरगी दचकली. हिराच्या रक्तात मात्र बिघाड होता, आणि पुढच्या तपासणीत तिच्या छातीत मसुराएवढी गाठ निघाली. हाताला कधी लागली नसती इतकी लहान.

"मसुरासाठी एवडी कापाकापी!" हिरा डॉक्टरला म्हणाली. डॉक्टर हसली. "मसूर आहे तोवरच काढू या, आजी." शस्त्रक्रिया नीट पार पडली. पाठोपाठ मलकाचीही झाली.

दोघी बऱ्या झाल्यावर मामानं हिराच्या अंगणात मलिदा, म्हणजे बेने इस्राएलींचा देवाचे आभार मानायचा विधी, केला. गोड पोहे, ओलं खोबरं आणि फळं ताटात मांडून त्यानं एलियाहू पैगंबराच्या नावानं हिब्रू प्रार्थना म्हटली. सगळी आळी जमली होती. कोणाला शब्द कळत नव्हता, पण सगळ्यांनी हात जोडले. प्रार्थनेत मामानं रूथमावशीचं नाव घेतलं आणि त्याला पुढचं बोलवेना. हिरानंच उठून त्याच्या तोंडात पोह्यांचा घास घातला. "खा रे दादा. आता येत जा."

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. वाणगावला दिलेली ठकीची लेक, नलू, आपल्या दोन तरण्या पोरींना घेऊन उतरली. ताटाकडे न बघता ती सरळ मलकासमोर येऊन उभी राहिली.

"मलकाताई तूच ना? आमाला कवा नेतेस मुंबईला?"

"सोमवारी," मलका म्हणाली, आणि तिघींना बसायला तिनं चटई ओढली.